नानांच्या नावावर

"काका, तुमचा इन्शुरन्स संपलाय."

असं म्हणणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. नितीन कंपनीच्या सिग्नलच्या अलीकडे, सर्व्हिस रोडच्या कडेला ओल्या फुटपाथवर बसला होता. एका हाताने गुडघा दाबून धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल. स्कूटर आडवी, तिचा इंडिकेटर फुटलेला, आणि मागे बांधलेल्या चौकोनी बॅगेतून कुणाचं तरी रविवार संध्याकाळचं सांबार गळत होतं. पावसाच्या पाण्याबरोबर कढीपत्त्याची पानं गटाराच्या जाळीकडे निघाली होती आणि त्या डिझेल-चिखलाच्या वासात हिंगाचा वास असा काही मिसळला होता की मला त्याही परिस्थितीत भूक लागली. दादाने डावीकडे घेताना इंडिकेटर दिला होता. पोरगा डाव्या अंगानेच पुढे घुसला होता. जोरात कुणीच नव्हतं. आमच्या गाडीचा आरसा त्याच्या हँडलला लागला आणि तो कलंडला, एवढंच. असल्या धडका ठाण्यात दिवसाला किती होत असतील कोण जाणे. मेट्रोच्या पत्र्यांनी रस्ते खाल्ल्यापासून तर विचारूच नका.

मला वाटलं, आता आवाज चढणार. दादा उतरला, मी उतरले, मागून हॉर्न सुरू झाले. पोरगा मात्र शांत. त्याने उठून बसता बसताच आमच्या नंबर प्लेटवरचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये टाकला होता आणि गाडीची कुंडली समोर घेऊन बसला होता. एमएच ०४, पेट्रोल, २०१६, मालकाच्या नावाची एक-दोन अक्षरं आणि पुढे फुल्या. त्याने स्क्रीन दादाच्या तोंडासमोर धरली. विम्याची तारीख फेब्रुवारीतली होती. आम्ही उभे होतो जुलैच्या पावसात.

दादाला आश्चर्य वाटलं नाही.

माझ्या डोक्यात जे अडकून बसलं ते हेच. माणसाला नवी वाईट बातमी कळली की चेहरा क्षणभर कोरा होतो. दादाचा झाला नाही. त्याने फक्त मागे वळून एकदा सिग्नलच्या दिशेने पाहिलं, तिथे हवालदार आहे का ते. मग खाली बसून त्याने पोराला विचारलं, "तुझा आहे का रे?" सुरात भांडण अजिबात नव्हतं, "जेवलास का" विचारावं तसं विचारलं. पोरगा हसला. म्हणाला, "गाडी मामाची आहे." त्यात सगळं आलं. त्यानंतर दोघांचं इतकं पटकन जमलं की बघणाऱ्याला वाटावं, जुनी ओळख आहे. दादा म्हणाला, एक्स-रे काढू, चल. पोरगा म्हणाला, नको, मुरगळलाय फक्त, आणि ऑर्डर अडकली तर आयडी बंद करतात. शहापूरचा होता, वागळे इस्टेटला मामाकडे राहायचा. दादाने पाचशेच्या नोटा मोजून दिल्या, इंडिकेटरचे वेगळे, सांबाराचे वेगळे. पोराने मागितल्यापेक्षा जास्तच दिले. वर स्वतःचा रुमाल गुडघ्याला बांधून दिला. स्कूटर उचलायला मीही हात लावला. ती पहिल्या किकलाच सुरू झाली तेव्हा आम्हा तिघांनाही बरं वाटलं, आणि दहा मिनिटांत सर्व्हिस रोड असा वाहायला लागला की तिथे काही झालंच नव्हतं.

मी ऐरोलीला राहते, दादा-वहिनी आणि आई वर्तकनगरला. रविवारी जेवायला जायचं आणि परतताना दादाने सोडायचं, हा रिवाज. एरवी तो मला ऐरोली पुलाच्या अलीकडेच रिक्षात बसवायचा, टोल वाचवायला. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हापासून बिल्डिंगच्या गेटपर्यंत येतो. त्या संध्याकाळीही आला. पुलावर दोन्ही बाजूंना खाडी फुगलेली, वायपर करकरत होते, काचेवर वाफ धरत होती आणि दादा ती उलट्या हाताने पुसत होता. "बरा पोरगा होता," तो म्हणाला. मी हो म्हटलं. खरंच बरा होता. माझ्या मनात तेव्हा सर्वात वर काय होतं, तर सुटकेची भावना. पोलीस आले नाहीत, चौकीत बसावं लागलं नाही, आई जागी असताना घरी फोन गेला नाही. या सुटकेच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. पण ते वर यायला रात्र जावी लागली.

गाडी नानांची. म्हणजे आमच्या वडिलांची. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत जन्म घालवून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी ही वॅगन-आर घेतली, स्वतःच्या पैशाने, कर्ज न काढता. गाडीपेक्षा त्यांना गाडीची फाईल प्रिय होती असं आम्ही म्हणायचो. निळी प्लास्टिकची फाईल, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टीखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात शीर्षक: आरसी, पीयूसी, सर्व्हिसिंग, विमा. फेब्रुवारीचं पान उलटायच्या आधीच कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेला असायचा. सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, आणि त्यांच्यामध्ये "गाडी इन्शु." पूर्वी एजंट घरी यायचे. दाराशी चपला काढून, मांडीवर ब्रीफकेस ठेवून, कार्बन घालून लिहायचे, चहा प्यायचे आणि जाताना आजीची विचारपूस करायचे. पुढे सगळं मोबाईलवर आलं तेव्हा नाना तेही शिकले. पॉलिसीचं पीडीएफ यायचं, ते खाली जाऊन त्याची प्रिंट काढायचे, आणि फाईल परत जाड व्हायची.

नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, त्यांना फार अभिमान. क्लेम न करता पाच वर्षं काढली की पन्नास टक्क्यांवर पोचतो, त्याच्यावर तो जातच नाही. नाना तिथे पोचले होते आणि तिथून खाली यायला तयार नव्हते. सोसायटीच्या खांबाला दार घासलं तेव्हा त्यांनी ते खिशातले पैसे घालून रंगवून घेतलं, पण क्लेम केला नाही. आता विचार करताना लक्षात येतं की नानांच्या दृष्टीनेसुद्धा विमा होता तो पत्र्याचा. दाराचा, बंपरचा, पुरात इंजिनात पाणी गेलं तर इंजिनाचा. कायदा सक्तीने जो घ्यायला लावतो तो भाग निराळाच, आणि त्याचा आपल्या गाडीशी काही संबंधच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ म्हणतं ते एवढंच, की सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची तर तिच्यामुळे दुसऱ्याला काही झालं तर त्याची भरपाई देणारा विमा पाहिजे. आपला पत्रा चेपला तर चेपला, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. नानांच्या पॉलिसीत तो भाग एका ओळीत असायचा, बेसिक थर्ड पार्टी, आणि ते ती ओळ कधी वाचून दाखवायचे नाहीत. त्या ओळीवर सूट नसते.

नाना गेले गेल्या श्रावणात. बाकीची व्यवहाराची कामं दादाने खरंच नीट केली. बँक, पेन्शन, आईचं नाव लावणं, लाईट बिल, सगळं. मोबाईल नंबर बंद करून टाकला, कारण त्यावर सारखे फोन यायचे आणि आई उचलून "ते नाहीत" सांगता सांगता रडायची. आता विम्याची आठवण करून देणारे मेसेज कुठे यायचे? त्याच नंबरावर. ई-मेल? नानांचा, ज्याचा पासवर्ड नानांबरोबर गेला. फेब्रुवारीत लाल गोल करायला कुणी नव्हतं. नवं कालनिर्णय वहिनीने आणलं, त्यावर आता फक्त चतुर्थ्या आणि कामवालीच्या सुट्ट्या असतात. एकीकडे वहिनीला, दादाला, मला, आमच्यापैकी प्रत्येकाला दिवसाआड कुणी ना कुणी फोन करून सांगत असतं की तुमच्या गाडीचा विमा संपतोय. माझ्याकडे गाडी नाही, तरी सांगतात. खरा निरोप नेमका ज्या नंबरावर यायचा होता तो नंबर गप्प होता.

नंबर बंद केल्याची दुसरी गंमत दादानेच नंतर सांगितली. ई-चलानही त्याच नंबरावर जात होती. साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं तर नानांच्या नावावर पावत्यांची रांग. झेब्रा क्रॉसिंग, वेगमर्यादा, तीन हात नाक्याला सिग्नल. ज्या माणसाने हयातीत रात्री अकरालाही लाल दिव्याला गाडी थांबवली आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्या नावावर मरणोत्तर एवढी चलानं! माझा भाचा, दादाचा मुलगा, नव्यानेच लायसन्स काढून गाडी चालवायला लागलाय, हे त्या यादीकडे पाहून कुणालाही कळलं असतं. आम्ही हसलो. आईसुद्धा हसली, मग उठून आत गेली.

खरं म्हणजे गाडी चारजण वापरत होते आणि ती चौघांपैकी कुणाचीच नव्हती. दादा ऑफिसला, वहिनी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला, भाचा मित्रांना घेऊन येऊरला, आणि रविवारी मागच्या सीटवर मी. पेट्रोल ज्याने त्याने भरायचं, पीयूसी ज्याला पंपावर आठवेल त्याने काढायचं. विमा कुणाच्या वाट्याला आला नव्हता. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, आंबे सगळे खातात आणि फेरफाराला कुणी तलाठ्याकडे जात नाही, तसंच हे. फक्त आंब्याचं झाड जागचं हलत नाही आणि कुणाच्या अंगावर जात नाही.

माझी एक मैत्रीण वकील आहे, कोर्ट नाक्याला बसते, मोटार अपघाताचे दावे चालवते. तिला मी गोष्ट म्हणून सांगितलं, सल्ला म्हणून नव्हे. मासुंदा तलावाच्या काठावर आम्ही चहा घेत उभ्या होतो. तिने पहिला प्रश्न विचारला तो विम्याबद्दल नव्हता. "वारले कधी?" मी सांगितलं. ती बोटं मोजून म्हणाली, "मग फेब्रुवारीचं काय घेऊन बसलीस, कार्तिकातच संपला." मालक वारला की पॉलिसी लगेच बंद पडत नाही, पण तीन महिनेच चालते, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर. ही अट पॉलिसीतच छापलेली असते. तेवढ्या अवधीत वारसांनी आरसी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओला मृत्यू कळवायचा तीस दिवसांत, नाव बदलण्याचा अर्ज, फॉर्म ३१, तीन महिन्यांत. म्हणजे दिवाळीनंतर जेव्हा ॲपवर सगळं हिरवंगार दिसत होतं, भाचा गाडी घेऊन येऊर चढत होता, तेव्हाच त्या कागदाखालची जमीन गेलेली होती. निळ्या फाईलमध्ये पॉलिसीची ती पानं आहेत. नानांनी वाचलीही असतील. ते सगळं वाचायचे. पण ही अट वाचून तिचं करायचं काय हे ज्याला कळायला हवं तो वाचणारा असू शकत नाही, हा त्या अटीतला घोळ आहे.

मग मी तिला तो पोरगा सांगितला. त्याचा गुडघा, मामाची स्कूटर, रुमाल. तिने विचारलं, कमावत किती असेल? मी म्हटलं, अठरा हजार धर. तिने पर्समधून पेन काढलं आणि एका जुन्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला, गुडघ्याचा नव्हे, तो पोरगा उठलाच नसता तर त्याचा. वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आतला, पक्की नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीचे चाळीस टक्के, झाले ३,०२,४००. लग्न झालेलं नाही म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, राहिले १,५१,२००. बावीस वर्षं वय, गुणक १८. २७,२१,६००. शिवाय अंत्यविधी वगैरेचे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ साली आणि प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली हे गणित घालून दिलं आहे. ती ते पाढ्यासारखं म्हणते. आईबापांना मुलगा किती वर्षं पुरला असता याचा हिशेब इतक्या सवयीच्या हाताने मांडलेला मी पहिल्यांदा पाहिला. खाली तिने दुसरा आकडा लिहिला, २,०९४. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता, जून २०२२ मध्ये ठरलेला. जीएसटी धरून अडीच हजारांच्या आत. माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर त्या हप्त्यावर कंपनीची जबाबदारी रकमेला बांधलेली नसते. मालमत्तेचं नुकसान असेल तर साडेसात लाखांपर्यंत.

"आणि विमा नसेल तर?"

तिने चहाचा कप टोपलीत टाकला. निकाल तोच लागतो, म्हणाली, आकडाही तोच. फक्त पैसे देणारा बदलतो. चालवणारा आणि गाडीचा मालक. मालक वारला असेल तर दावा हवेत विरत नाही, वारस आणि गाडी ज्यांच्या ताब्यात आहे ते समोर येतात. तिच्याकडे असे निकाल आहेत ज्यांत रक्कम मंजूर झाली, वर व्याज मंजूर झालं, आणि शहापूर-मुरबाडकडची म्हातारी माणसं ती वसूल करायला वर्षानुवर्षं येत राहिली. समोरचा काही गुंड नसतो. आपल्यासारखाच असतो, वन बीएचके, होम लोन, पोरांच्या फिया. कुठून देणार? "मला तर वाटतं," ती म्हणाली, "धडकून पळून जातात त्यातल्या कित्येकांना भीती मारामारीची नसते, कागदाची असते." पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून मिळतात दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, हे एप्रिल २०२२ पासून. त्याआधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते.

दंडाबद्दल मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलाही नाही. दादाने मात्र पहिल्यांदा तेच सांगितलं. पहिल्या वेळी २,०००, नंतर ४,०००, कलमात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे, पण ती कुणाला होते? घराघरात विम्याचा हिशेब असाच होतो. हप्त्यासमोर चलान ठेवून पाहायचं. सापडण्याची शक्यता किती, सापडलो तर किती. त्या हिशेबात फुटपाथवर बसलेला पोरगा कुठेच येत नाही, कारण त्याची आणि आपली अजून गाठ पडलेली नसते. देशातल्या जवळपास निम्म्या गाड्या विम्याविना धावतात असं सरकारी आकडेच सांगतात आणि त्यांत मोठा भरणा दुचाकींचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. चांगलं झालं. पण पाच वर्षांत स्कूटर मामाकडून भाच्याकडे जाते, भाच्याकडून मित्राकडे, आणि सहाव्या वर्षी ती कुणाच्या लक्षात असणार? म्हणजे त्या दिवशी सर्व्हिस रोडवर एकमेकांचं नुकसान भरून देणारे दोघेही कोरडे होते. त्या पोराने उद्या एखाद्या म्हातारीला उडवलं तर तिच्यासाठीही कुणी नाही.

दादाबद्दल लिहिताना मला अवघड जातं. तो अप्रामाणिक माणूस नाही. नाना हॉस्पिटलात होते तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या अनोळखी आजोबांची औषधं त्यानेच आणली होती. त्या पोराला त्याने जे दिलं ते कुणी सांगितलं म्हणून दिलं नव्हतं. पण समोर बसलेल्या, बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाला द्यायला त्याचा हात जितका मोकळा, तितकाच तो जो दिसत नाही त्याच्यासाठी आखडलेला. त्याला फेब्रुवारीतच माहीत होतं. वहिनीला एप्रिलमध्ये कळलं. "करू," म्हणून राहिलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साइटवर नंबर टाकला की नानांचं नाव येतं गं. आपोआप. मला पुढचं बटण दाबवेना." हे खरं की सबब, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

कारण दुसऱ्याच आठवड्यात त्याने बटण दाबायची तयारी केली होती. नानांचं पॅन कार्ड कपाटात आहे, आधार आहे. २०२३ पासून गाडीच्या विम्यालाही केवायसी लागते, ती त्यावर होऊन जाईल, पाच मिनिटांचं काम, पॉलिसी हातात, ॲपवर परत हिरवं. आरटीओच्या फेऱ्या नकोत, प्रतिज्ञापत्रं नकोत. कितीतरी घरांत असंच चालतं म्हणाला, आणि चालत असणार. मैत्रिणीने फोनवर त्याला एका वाक्यात उत्तर दिलं: गेलेल्या माणसाशी करार होत नाही, हप्ता भरलात तरी. तिने फोन ठेवल्यावर दादा बराच वेळ पॅन कार्डावरच्या फोटोकडे पाहत बसला. त्यात नानांचे केस काळे आहेत.

आईचा विरोध वेगळाच होता. तिला गाडीवरून नानांचं नाव काढायचंच नव्हतं. रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं, दारावरची पाटी पोराने नवी केली तेव्हा त्यातून गेलं. आता गाडीही? तिने असं म्हटलं की आम्ही गप्प. वहिनीने मधला मार्ग काढला. गाडी आईच्याच नावावर करू, वारस तर त्याही आहेत. म्हणजे घरातल्या घरात राहील, मधलं नाव तेच, आडनाव तेच. आई खुश झाली. पदराने डोळे पुसले. मग एकदम तिच्या मनात आलं आणि तिने विचारलं, "आणि यांनी कुणाला ठोकलं, तर कोर्टात मला उभं करतील?"

दादा म्हणाला, विमा असला की तसं काही... वहिनी म्हणाली, करतील.

"मग जो चालवतो त्याच्या नावावर करा," आई म्हणाली, आणि मेथी निवडायला घेतली.

त्यानंतर कामं झाली, म्हणजे रखडत का होईना झाली. गाडी कव्हर घालून खाली उभी राहिली आणि चावी वहिनीने आपल्या कपाटात ठेवली. दादा टीएमटीच्या बसने जायला लागला आणि रोज रात्री जेवताना टीएमटीचा अहवाल द्यायला लागला. मरणोत्तर चलानं त्याने भरली. मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, आईचं आणि माझं ना हरकत प्रतिज्ञापत्र. लुईसवाडीला आरटीओबाहेर स्टॅम्प पेपरवाल्याच्या टेबलाशी मी सही केली तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "हक्क सोडताय ना मॅडम?" मी म्हटलं, हो. वॅगन-आरवरचा हक्क सोडताना माझा हात जरा थांबला, याचं मलाच हसू आलं.

आरसी दादाच्या नावावर झाल्यावर पॉलिसी. खंड पडला होता म्हणून पत्र्याच्या विम्याआधी तपासणी, तीही आता घरबसल्या. वहिनीने मोबाईल धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. बॉनेट, चॅसी नंबर, चारी बाजू, आणि डावा आरसा, ज्याच्या टोकाला त्या स्कूटरचा काळा ओरखडा अजून आहे. नानांचा पन्नास टक्के बोनस वारसाला मिळू शकला असता, पण मुदत संपल्यापासून नव्वद दिवस उलटले की तो जातो, तो गेला होता. हप्त्याचा आकडा पाहून दादाने विचारलं, नुसता थर्ड पार्टी घेतला तर? मी म्हटलं, घे की, सक्तीचा तोच आहे, आणि त्या पोराच्या कामाचा तोच आहे. तो थोडा ओशाळला, मग दोन्ही घेतले. नानांचा मुलगा आहे, पत्रा उघडा टाकवला नाही.

अर्जात मोबाईल नंबर दादाचा भरला. खाली दुसऱ्या नंबराचा रकाना होता, ऐच्छिक. वहिनीने मला न विचारता माझा टाकला. आता कंपनीचे फोन मलाही येतात. परवा लोकलमध्ये एकाने उत्साहाने विचारलं, मॅडम, गाडी कोणती आहे आपली? मी गाडीचा नंबर, मॉडेल, विमा संपण्याची तारीख, सगळं घडाघडा सांगितलं. तो म्हणाला, अजून बरेच महिने आहेत मॅडम, आणि त्यानेच फोन ठेवला.